सावड

आमच्या सोसायटीच्या लोखंडी कपाटात एक दोनशेपानी वही आहे. सभासद नोंदवही, शेअर सर्टिफिकेटांची फाइल, इतिवृत्ताची पुस्तकं यांच्या रांगेत ती शोभत नाही. कव्हरवर कुणाच्या तरी लेकराचं ‘इयत्ता ६ वी, गणित’ होतं. ते खोडून मी मार्करनं ‘उसनं’ असं लिहिलं. पहिली नोंद अशी : ‘साडेसात एचपीची मोटर, मागच्या बिल्डिंगला. दिली मंगळवारी रात्री, आली शुक्रवारी. केबल दहा फूट कमी आली.’ कायद्यानं गृहनिर्माण संस्थेला जी दप्तरं ठेवायला सांगितली आहेत, त्यांत ही वही कुठंच बसत नाही. ऑडिटरनं एकदा ती उचलून विचारलं, हे काय? म्हटलं, हा आमचा संघ आहे.

नोकरीनं मी मेन्टेनन्सवाला. शेंद्र्याच्या एमआयडीसीत आलो तेव्हा इथं स्कोडाच्या गाड्या नुकत्या जुळायला लागल्या होत्या, म्हणजे २००१ च्या आसपास. माझी कंपनी त्या मानानं चिमुकली, पण मशिनं बंद पडायची ती मोठ्यांसारखीच, रात्री तीनला. अशा वेळी स्टोअरमध्ये बेअरिंग नसतं आणि शहरातली दुकानं सकाळी दहाशिवाय उघडत नाहीत. मग शेजारच्या कंपनीतल्या मेन्टेनन्सवाल्याला फोन. ‘भाऊ, ६३०८ आहे का?’ ‘आहे, पण सोमवारपर्यंत परत पाहिजे.’ गेटवर ‘रिटर्नेबल’ शिक्क्याचा पास बनायचा आणि बेअरिंग डब्यासारखं स्कूटरच्या डिकीतून यायचं. आमच्या मालकांचं एकमेकांशी काही पटत असेल-नसेल, त्याच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं. त्या पासामुळं मला एक गोष्ट कळली होती : शेजाऱ्याची मदत टिकते ती कागदावर ‘परत’ लिहिलेलं असतं म्हणून. पण कंपनीच्या गेटबाहेर, स्वतःच्या घरी, ही अक्कल वापरायला मला बरीच वर्षं लागली.

घर म्हणजे वसाहतीपासून सायकलच्या अंतरावर, जालना रोडच्या आत शिरलं की एक बत्तीस फ्लॅटची बिल्डिंग. खाली पार्किंग, वर चार मजले. आजूबाजूला अशाच पाच सोसायट्या, त्यांतली एक रो-हाउसची, एक शंभराच्या वर फ्लॅटची. मधल्या मोकळ्या जागेत गुंठेवारीची एक गल्ली. बिल्डरांच्या पाट्यांवर ‘डीएमआयसीपासून पाच मिनिटं’ असं लिहिलेलं असायचं, आणि ते खोटं नव्हतं. गच्चीवरून ऑरिक हॉलच्या बाजूचे दिवे दिसतात. ७ सप्टेंबर २०१९ ला पंतप्रधानांनी त्या हॉलचं उद्‌घाटन केलं. ऑरिक म्हणजे शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकरांची औद्योगिक नगरी. पाणी, वीज, केबल सगळं रस्त्याच्या पोटातून, आणि त्यावर नजर ठेवायला एका खोलीत पडदे. धंद्यानं मी असल्या गोष्टींचा चाहता, त्यामुळं कौतुकानं बघतो. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात मी गच्चीवर उभा होतो तो दिवे बघायला नव्हे, टँकर कुठं अडला ते बघायला.

२०१८ च्या पावसानं मराठवाड्याला दगा दिला होता. जायकवाडी धरण मृतसाठ्याच्या खाली गेलेलं. शहर धरणापासून पन्नासेक किलोमीटर आणि उंचावर; तिथं आठवड्याला पाणी येण्याची तक्रार चालायची, तर आमच्यासारख्यांची काय कथा. शहराभोवतीच्या २८ गावांना सिडकोच्या कागदांत ‘झालर क्षेत्र’ असं नाव आहे. ज्यानं ते ठेवलं त्याच्या मनात काही वाईट नसणार, पण पाणी चादरीला मिळतं, झालरीला नाही, एवढं आम्हा कडेच्या माणसांना त्या नावातून कळत होतं. आमचं बोअर एप्रिलातच खरखरायला लागलं. मार्चमध्ये बाराशेला येणारा दहा हजार लिटरचा टँकर अडीच हजारांवर गेला. त्यात चैत्रातली मांगीरबाबाची यात्रा. शेंद्र्याचा रस्ता माणसांनी आणि गाड्यांनी फुलतो, आणि टँकरही तिकडंच वळतात. त्यात चूक कुणाची? नवस फेडायला आलेल्या माणसालाही तहान लागतेच.

तर त्या सकाळी गच्चीवरून मला दिसलं ते असं. आमच्यासाठी निघालेला टँकर कोपऱ्यावर थांबला. ड्रायव्हर फोनवर बोलला. मग टँकर आमच्याकडं न येता मागच्या बिल्डिंगच्या गेटात शिरला. खाली जाऊन विचारलं तर तिथले सेक्रेटरी शरमेनं म्हणाले, ‘दोनशे जास्त दिले, साहेब. आमच्याकडं एका घरात बाळंतीण आहे.’ परवा मी हेच केलं होतं, फक्त बाळंतिणीऐवजी आमच्याकडं बारशाचा कार्यक्रम होता. टँकरवाला एकच, आम्ही सहा सेक्रेटरी, आणि भाव वाढवत होतो आम्हीच, एकमेकांच्या नळावर बोली लावून. हे काही थोर अर्थशास्त्र नव्हे. भाजीबाजारातल्या कुठल्याही बाईला ते ठाऊक असतं. पण सेक्रेटरी झालेल्या माणसाला आपल्या गेटाच्या आतलंच दिसायला लागतं. निवडून देणाऱ्यांनीच त्याला त्यासाठी निवडलेलं असतं.

पहिली बैठक फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात झाली, रात्री साडेदहाला, कारण सहा जणांत कुणी फर्स्टला, कुणी सेकंडला, सुट्टीचे वार वेगवेगळे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका सोडले तर सगळे कारखान्यांतले. ‘एकजूट’, ‘संघटन’ हे शब्द मी मुद्दाम काढले नाहीत. आपल्याकडं हे शब्द निघाले की लगेच अध्यक्ष कोण हा प्रश्न निघतो. मी फक्त म्हणालो, आमच्या गावाकडं सावड असायची, तसं करू.

माझं गाव बदनापूरकडं. वडिलांकडं एकच बैल होता. एका बैलानं औत चालत नाही. चुलत्याकडंही एकच. मग दोघांचे बैल एका जुवाखाली. एक दिवस त्याच्या रानात, एक दिवस आमच्या. ही सावड. इर्जिक वेगळी. इर्जिकीला गावातली दहा औतं एकाच्या रानात उतरतात, दिवसभरात नांगरट उरकतात आणि रात्री तो गडी सगळ्यांना जेवू घालतो. तिच्यात उत्सव असतो, मोठेपणा असतो. सावडीत जेवण नसतं, हिशेब असतो. पाऊस आला म्हणून अर्धा दिवस बुडाला तर तो अर्धा दिवस लक्षात ठेवायचा. वडील आणि चुलते बांधावरून वर्षभर भांडायचे, पण मृग लागला की बैल जुंपलेले. सहकारावर भाषणं करणारे लोक प्रेमावर फार भर देतात. मी जी सावड पाहिली तिच्यात प्रेम जेमतेम होतं. दिवस मात्र चोख मोजले जायचे.

आम्ही ठरवलं ते एवढंच : टँकरवाल्याशी बोलणार एकच माणूस, भाव एक, पैसे दर शनिवारी, सहाही सोसायट्यांचे एकत्र, उधारी नाही. टँकरवाला आम्हाला वाटला तसा रुसला नाही, उलट खूश झाला. त्यालाही रोज सहा जणांच्या शिव्या खायच्या नव्हत्या आणि वसुलीसाठी जिने चढायचे नव्हते. भाव लगेच मार्चवर आला असं नाही, पण चढायचा थांबला. मग मी माझं कसब वापरलं. प्रत्येक हौदाच्या तोंडाला तीन इंची सारखंच कपलिंग बसवून घेतलं. आधी कुणाकडं पाइप बसत नव्हता, कुणाकडं कपडा गुंडाळून पाणी सोडायचे, निम्मं पार्किंगमध्ये. कपलिंग एक झाल्यावर टँकर लवकर मोकळा व्हायला लागला आणि त्याच टँकरची दिवसात एक खेप वाढली. हौदात घालून बघायला खुणा केलेली एक बांबूची पट्टी. गाडीत खरंच दहा हजार आहे का, ते पहिल्या आठवड्यातच कळलं. नेहमी नसायचं.

मोटरचंही तसंच. बोअरची मोटर जळाली की काढायची, चिकलठाण्याला रिवाइंडिंगला द्यायची, दोन-तीन दिवस बसायचं. प्रत्येक सोसायटीनं जास्तीची मोटर घेऊन ठेवणं म्हणजे पैसे गंजत ठेवणं. कारखान्यात एका प्रकारच्या दहा मशिनांमागं एक स्पेअर ठेवतात. पण त्यासाठी मशिनं एका प्रकारची लागतात. आमच्याकडं सहा बोअरला पाच मेक होते. मग नियम केला : ज्याची मोटर कायमची जाईल त्यानं नवी घेताना ठरलेल्या मेकची, ठरलेल्या एचपीची घ्यायची. तीन वर्षं लागली. आता चार बोअरला एकच मोटर चालते आणि दोन स्पेअर फिरत असतात. त्या फिरण्यातून ही वही सुरू झाली.

वहीत पुढं पुढं मोटरपेक्षा चमत्कारिक वस्तू आल्या. ‘प्लंबर, अर्धा दिवस.’ ‘वॉचमन, गणपती विसर्जनाच्या रात्री.’ ‘बँकेतले काका, दोन रविवार.’ या शेवटच्या नोंदीवर काका स्वतः पोट धरून हसले. रो-हाउसवाल्यांचे हिशेब तीन वर्षं लिहिलेलेच नव्हते, कलेक्शन मात्र नियमित. सेक्रेटरी बिचारा प्रामाणिक, पण पावत्या पिशवीत. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची तर मांडायला ताळेबंद नाही. काकांनी ती पिशवी जमिनीवर ओतली आणि दोन रविवारांत वही उभी केली. ‘परत’च्या रकान्यात मी लिहिलं, ‘काकांच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग, रो-हाउसवाल्यांचा मिस्त्री.’

काकांना इतिहासाचा नाद. पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं की मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत मंडळींनी तिथली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली आणि त्यामागं रावबहादूर तालमकी होते, त्याआधी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल बँक काढणाऱ्यांतले. पण काकांना भावलेली गोष्ट वेगळीच. ती सोसायटी व्हायच्या दोन वर्षं आधी, १९१३ मध्ये, सहकारी घरबांधणीचा प्रचार करणारी एक संघटना मुंबईत निघाली होती. म्हणजे आधी संघ, मग घर. ‘आपण उलटं केलं बघा,’ काका म्हणायचे, ‘घर बांधून झालं, भांडून झालं, आणि आता संघ.’

सगळ्यात मोठी उसनवारी झाली ती एका फाइलची. फ्लॅट घेणाऱ्या पुष्कळांना माहीत नसतं की फ्लॅट आपला झाला तरी खालची जमीन आपोआप सोसायटीच्या नावावर होत नाही. ती बिल्डरनं करून द्यायची असते, १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणं. त्यानं नाहीच करून दिली तर २००८ च्या दुरुस्तीनं वाट काढून ठेवली आहे : मानीव अभिहस्तांतरण, लोकांच्या भाषेत डीम्ड कन्व्हेयन्स. जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करायचा, त्यांनी बिल्डरला ऐकून घ्यायचं आणि सहा महिन्यांत निकाल द्यायचा. वाचायला सोपं. पण मंजूर नकाशा कुठून आणायचा, भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर काय जोडायचं, बत्तीस जणांच्या इंडेक्स टूच्या प्रती कशा गोळा करायच्या, परदेशी गेलेल्या सभासदाचं काय, हे कुठल्या पुस्तकात नसतं. शंभर फ्लॅटवाल्या मोठ्या सोसायटीनं ते सगळं पार केलं होतं. त्यांच्या चेअरमननी आपली पूर्ण फाइल आम्हाला दिली. पान नंबर घातलेली, कोणत्या टेबलावर काय विचारतात त्याच्या पेन्सिलच्या टिपांसकट. वकिलाचा खर्च वाचला नाही, पण हेलपाटे वाचले. ती फाइल पुढं आणखी दोघांकडं गेली आणि प्रत्येकाकडून जाड होऊन आली.

आणि हीच मोठी सोसायटी २०२१ च्या उन्हाळ्याआधी बाहेर पडली. भांडण पाळीचं होतं. ज्याचा हौद लहान त्याला टँकर आधी, असा आमचा नियम. त्यांचा हौद दीड लाख लिटरचा, म्हणून ते नेहमी शेवटी. त्यांचं म्हणणं, निम्म्याहून जास्त पाणी आम्ही घेतो, आमच्या संख्येमुळं भाव मिळतो, आणि मताला मात्र आम्ही एकच? खरं होतं ते. वर्गणी फ्लॅटमागं आणि मत सोसायटीमागं, हे आम्ही पहिल्या रात्री चहा पिता पिता ठरवलं होतं. त्यातला काटा कुणाला दिसला नव्हता. काकांनी सहकार कायदा काढला. कायद्यात संघीय संस्था आहे, किमान पाच संस्था सभासद असाव्या लागतात, आपण नोंदणी करू, पोटनियम करू, म्हणजे असे वाद कागदावर सुटतील. पुण्याकडं, मुंबईकडं असे संघ आहेतच. वाघोलीसारख्या भागातल्या सोसायट्या पुढं पाण्याच्या प्रश्नावर एकत्र येऊन उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. मी विरोध केला. मला वाटलं, नोंदणी झाली की ऑडिट आलं, निवडणूक आली, बोर्डावर नावं आली आणि मोटर मात्र मागं पडली. आज मागं वळून बघताना वाटतं, काका बरोबर होते की मी, हे ठरवायला आमच्याकडं पुरावा नाही. मोठी सोसायटी गेली ती गेलीच, सभासद म्हणून परत आली नाही. पण वही उघडली तर देणाऱ्यांत सगळ्यात जास्त वेळा तिचंच नाव आहे, बाहेर पडल्यानंतरसुद्धा. जनरेटर, शिडी, फायर एक्स्टिंग्विशर भरणाऱ्या माणसाचा भाव. मताचं भांडण त्यांनी शिडीपर्यंत आणलं नाही.

गच्चीवरच्या सोलरच्या वेळीही मोठ्या सोसायटीचे लोक आले. २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली. तीत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागं १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचं बिल ज्यानं भरलंय त्याला त्याचं मोल कळेल. चौघांनी मिळून कोटेशन मागवलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, काम अजून चालू आहे.

आता गल्लीबद्दल लिहायलाच हवं. ते लिहिताना मला बरं वाटत नाही. आमच्या सहा गेटांच्या मध्ये जी गुंठेवारीची गल्ली, तिथं वीसएक घरं. गुंठ्या-गुंठ्यानं घेतलेले प्लॉट. २००१ चा गुंठेवारी कायदा नियमित करतो म्हणाला तरी पैसे आणि कागद जमेनात असे लोक. आमचे दोन वॉचमन तिथले. आमच्या घरी पोळ्या करणाऱ्या बाई तिथल्या. आम्ही सहाजण चहा पीत ‘परिसरातल्या सर्व संस्था’ म्हणत होतो तेव्हा ती गल्ली कुणाच्या तोंडीही आली नाही, कारण तिथं संस्था नव्हती. सेक्रेटरी नाही, लेटरहेड नाही, मग बोलवायचं कुणाला? आणि आमचा टँकर भाव बांधून सहाही गेटांत फिरायला लागल्यावर त्या गल्लीला टँकर मिळेनासा झाला. मोठं गिऱ्हाईक सोडून अरुंद गल्लीत दोनशे लिटरचे ड्रम कोण भरत बसणार? दोन महिने हे मला कळलंही नाही. कळलं तेही पोळ्यांच्या बाई दोन दिवस आल्या नाहीत म्हणून.

संस्था नव्हती हेही खरं नव्हतं म्हणा. महिलांचा बचत गट होता, दहा-बारा जणींचा. त्यांच्या ताई बैठकीला आल्या त्या रजिस्टर घेऊनच. महिन्याची बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, दंड, प्रत्येकीची सही किंवा अंगठा, एक ओळ कोरी नाही. काकांनी चाळून बघितलं आणि आमच्या सहा जणांच्या तोंडाकडं बघितलं. गल्लीच्या तोंडाशी एक पाच हजार लिटरची टाकी बसवली, आमच्यासारखंच तीन इंची कपलिंग लावून. टाकीचे पैसे त्यांनी गटातून उचलले, चबुतरा आमच्या मिस्त्रीनं बांधला. सातवी सोसायटी म्हणून त्यांचं नाव वहीत आलं, मतासकट. एका सेक्रेटरीला ते पटलं नाही; आजही पटलेलं नाही.

गेल्या वर्षी गल्लीच्या बोअरला आमची स्पेअर मोटर दिली होती. तिथं व्होल्टेज पडलं आणि मोटर जळाली. वहीत अशा वेळेचा नियमच नव्हता. मोटर आधीच दोनदा रिवाइंड झालेली, मरायला टेकलेलीच म्हणा. उसनी नेलेली वस्तू नेणाऱ्याच्या हातात मेली तर कुणाची? आमच्या कमिटीत दोन तट पडले. एक तट म्हणाला, गरीब लोक आहेत, सोडून द्या. दुसरा म्हणाला, द्यायलाच नको होती. आम्ही ठरवायच्या आतच ताई पाचशे रुपये घेऊन आल्या आणि म्हणाल्या, दर महिन्याला एवढे देऊ. सोडून द्या म्हणणाऱ्यांनी मला खुणावलं, घेऊ नका. मी घेतले. बाहेर जाऊन बोलणी खाल्ली, ‘तुम्हाला काही वाटतं का?’ वाटत होतं. पण चुलत्याच्या रानात आमचा बैल लंगडा झाला तेव्हा चुलत्यानं दिलेलं धान्य वडिलांनी मोजून घेतलं होतं, आणि पुढच्या मृगाला दोघं पुन्हा एका जुवाला आले होते. नको म्हणाले असते तर चुलते आले नसते, एवढं मला माहीत आहे.

शनिवारी पाचवा हप्ता आला. ताईंनी पावती मागितली. सोसायटीच्या छापील पावतीवर रकाने ठरलेले : मेन्टेनन्स, सिंकिंग फंड, पार्किंग, इतर. मी ‘इतर’समोर पाचशे लिहून पावती फाडली. त्यांनी ती वाचली, परत माझ्यासमोर ठेवली.

‘इतर नका लिहू, भाऊ. मोटर लिहा.’

पेन घेतलं, ‘इतर’ खोडलं आणि त्यावर मोटर लिहिलं.